चांदणं संपतं तिथून पुढे

मूनलाइट सोनाटा तुम्ही ऐकलाय. 'छे, आपल्याला कुठे ते वेस्टर्न क्लासिकल कळतं' असं म्हणू नका. ऐकलाय! कुठल्याशा सिनेमात, हॉटेलच्या लॉबीत लिफ्टची वाट बघताना, नाहीतर कुणाच्या तरी मोबाइलच्या रिंगटोनवर. तीन-तीन सुरांची संथ लाट चालू असते आणि तिच्यावर मधूनच एक सूर येऊन थांबतो. आठवलं? तेच ते. मोठेपणी पियानो शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या विशलिस्टवर हे असतंच असतं.

पण आपण सगळे ओळखतो ती त्या सोनाट्याची फक्त पहिली मूव्हमेंट. एकूण तीन आहेत. दुसरी छोटीशी, गोड, दोन-अडीच मिनिटांत संपणारी. आणि मग येते तिसरी. तिच्या डोक्यावर बीथोव्हेननं इटालियन भाषेत दोनच शब्द लिहून ठेवलेत, 'प्रेस्तो आजितातो'. म्हणजे अतिद्रुत आणि खवळलेलं. चांदणं-बिंदणं सगळं खलास! उजवा हात खालून वर नुसता सुसाट धावत सुटतो आणि वर पोचला की धाड-धाड दोन तडाखे. पुन्हा खाली, पुन्हा सुसाट, पुन्हा तडाखे. पार्टीत पहिली मूव्हमेंट वाजवणारे शंभर भेटतील. तिसरी वाजवणारा सहसा त्यातला नसतो.

मी गेली अडीच वर्षं ही तिसरी शिकतेय. वाजवायला लागतात साधारण सात मिनिटं. सात मिनिटांसाठी अडीच वर्षं... आमच्या ऑफिसात असला प्रोजेक्ट प्लॅन कुणी मांडला, तर त्याला त्याच मीटिंगमधून बाहेर पाठवतील.

डावा हात निरक्षर

आधी थोडं स्वतःबद्दल. वय 34. राहायला ठाण्यात, नोकरी लोअर परळला एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटला. दिवसभर एक्सेल आणि ई-मेल. लहानपणी डोंबिवलीला चारचौघींसारखी पेटी शिकले होते. गांधर्व मंडळाच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या, मग दहावी आली आणि पेटी बंद झाली. हे तुमच्यापैकी निम्म्यांच्या बाबतीत घडलेलं असणार.

पेटी येते म्हणजे पियानो अर्धा आलाच, असं लोकांना वाटतं. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या. पण पेटीवर वाजवतो तो उजवा हात. डावा असतो भात्यावर. त्याला सुरांचं काही म्हणजे काही ठाऊक नसतं. पियानोवर मात्र त्याला उजव्याच्या बरोबरीनं काम असतं, आणि पुष्कळदा जास्तच. शिवाय पेटीचा आवाज लहान-मोठा होतो तो भात्यावर. पट्टी हळू दाबा की जोरात, काही फरक नाही. पियानोत सगळं पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर. एकाच हाताच्या पाच बोटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या जोरानं वाजवायचं, हा प्रकार पेटीवाल्यांना संपूर्ण नवीन.

तुमची लाडकी पहिली मूव्हमेंट घ्या. ती सोपी समजली जाते. पण त्यात वरचा सूर उजव्या हाताची करंगळी वाजवते आणि खालची तीन-तीनची लाट त्याच हाताची बाकीची बोटं. करंगळी, म्हणजे सगळ्यांत अशक्त कर्मचारी, तिनं गायचं. आणि अंगठा, जो मुळातच दांडगट, त्यानं आवाज न करता मागे राहायचं. त्यात आणखी एक मेख आहे. वरच्या सुराआधी जो छोटा सूर येतो, तो खालच्या तिसऱ्या सुराबरोबर पडायचा नाही, किंचित नंतर पडायचा. एवढं 'किंचित' बसवायला मला दोन महिने लागले.

वर पेडलचा घोळ. बीथोव्हेननं लिहून ठेवलंय की ही अख्खी मूव्हमेंट तारांवरचे दाबक उचलून वाजवायची, म्हणजे आजच्या भाषेत उजवं पेडल दाबून. त्याच्या काळच्या पियानोत सूर लवकर विरायचा. आजच्या पियानोत तसं केलं तर सगळ्या सुरांचा गिचका होतो. म्हणून प्रत्येक स्वरमेळ बदलला की पेडल सोडून पुन्हा धरायचं. दोन हात कमी पडत होते म्हणून त्यात एक पायही!

पेटीवाल्यांसाठी यात एक छान गोष्टही आहे, जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. तिन्ही मूव्हमेंटचा सा एकच, काळी एक. पहिली आणि तिसरी सी शार्प मायनर, दुसरी डी फ्लॅट मेजर, नावं वेगळी पण पट्टी तीच. पहिल्या आणि तिसरीत गंधार-धैवत कोमल आणि निषाद बऱ्याचदा शुद्ध, म्हणजे कीरवाणीच्या आसपासचं वातावरण. दुसरीत सगळं शुद्ध, थेट बिलावल. हे लक्षात आलं त्या दिवशी ते परकं पुस्तक मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

तिशीतला बीथोव्हेन

हा सोनाटा 1801 सालचा. बीथोव्हेन तेव्हा तीस वर्षांचा, म्हणजे आपल्यातलाच! जन्म जर्मनीतल्या बॉनचा, करिअरसाठी व्हिएन्नाला आलेला, तिथे नाव कमावलेला, उत्तम पियानोवादक म्हणून बड्या घरांतून बोलावणी येणारा. सोनाटा अर्पण केलाय ज्युलिएत्ता ग्विचार्डी या त्याच्या शिष्येला. ती उमराव घराण्यातली, हा साधा संगीतकार. 1803 साली तिचं लग्न एका काउंटशी झालं. 'मूनलाइट' हे नाव त्यानं दिलेलंच नाही. लुडविग रेल्श्टाब नावाच्या जर्मन समीक्षकानं चांदण्यातल्या सरोवराची उपमा दिली आणि बीथोव्हेन 1827 साली गेल्यानंतर ते नाव कायमचं चिकटलं. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं सोनाटा क्रमांक, ओपस 27 नंबर 2, एवढंच सांगितलं असतं.

पण मला या सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट दुसरीच. त्याच 1801च्या जूनमध्ये त्यानं बॉनमधल्या आपल्या डॉक्टर मित्राला, फ्रान्झ वेगेलरला, एक पत्र लिहिलं. कान रात्रंदिवस गुणगुणतात, नाटकाला गेलं तर नटांचं बोलणं कळायला अगदी ऑर्केस्ट्राजवळ बसावं लागतं, आणि लोकांना कळेल म्हणून चारचौघांत जाणंच टाळतो, असं त्यात आहे. वर मित्राला विनंती, हे कुणाला सांगू नकोस. विचार करा. ज्या अवयवावर सगळं करिअर उभं, तोच जातोय, आणि हे ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नाहीये. त्या वर्षात हा माणूस प्रेस्तो आजितातो लिहितोय. तिसरी मूव्हमेंट इतकी का खवळलेली, याचं कारण हेच असं मी म्हणणार नाही. संगीत इतकं सरळ हिशेबानं चालत नाही. पण ते पत्र वाचल्यावर मला त्या दोन तडाख्यांमधला जोर वेगळा ऐकू यायला लागला, हे खरं.

एकशेसाठचा डोंगर

आता कामाचं बोलू. तिसऱ्या मूव्हमेंटचे बार साधारण दोनशे. बहुतेक बारमध्ये एक ना एक हात अखंड धावतोय. मेट्रोनोम 160 वर लावला आणि प्रत्येक टकटकीत चार सूर वाजवले, की मिनिटाला 640 सूर होतात, सेकंदाला दहाहून जास्त. मोठे वादक साधारण याच घरात किंवा याच्याही वर वाजवतात. आठवी ग्रेड संपवून डिप्लोमाच्या मागे लागलेल्या मुलांच्या हातात हा तुकडा असतो.

गंमत म्हणजे बीथोव्हेननं या सोनाट्याला कुठलाही आकडा दिलेला नाही. देणार कसा? मेल्झेलनं मेट्रोनोमचं पेटंट घेतलं तेच 1815 साली. आणि त्याच्या काळच्या व्हिएनीज पियानोच्या पट्ट्या हलक्या, कमी खोल दबणाऱ्या. आजच्या पियानोत पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते आणि वजनही जास्त. म्हणजे त्याच वेगासाठी आपल्या बोटांना जास्त मजुरी.

आमच्या मिस दादर पारसी कॉलनीत राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरा बॉबकट, आवाज मात्र मिलिटरीतला. त्यांच्याकडे एक जुना जर्मन अपराइट पियानो आहे. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं त्याचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून जून ते सप्टेंबर त्याच्या पोटात एक बल्ब जळत ठेवलेला असतो. मुंबईतल्या पियानोवाल्यांचा हा पिढीजात फंडा. शनिवारी सकाळी मी तिथे गेले की पहिले काही मिनिटं मिस काहीच बोलत नाहीत, फक्त ऐकतात. मग ठरलेलं वाक्य.

"डिकरा, स्लो. आणखी स्लो. मला प्रत्येक नोटचा चेहरा दिसला पाहिजे."

पहिले तीन महिने मेट्रोनोम 50च्या वर न्यायला बंदी होती. 50 वर ही मूव्हमेंट संपायला 21 मिनिटं लागतात. ऐकणाऱ्याला कळतही नाही की हे काय चाललंय. नवऱ्यानं एकदा गंभीरपणे विचारलं होतं, की हे पियानो ट्यून करणं आहे की गाणं आहे?

पण यामागचं लॉजिक आपल्याकडच्या तबलजींना विचारा. कायदा आधी ठायीत पक्का करायचा, मग दुगुन, मग चौगुन. हातात जे संथ लयीत बसलंय तेच द्रुतमध्ये बाहेर येतं. सुरुवातीचे चार-चार सुरांचे गट खालून वर चढतात. मिसनी ते आधी गट म्हणून नाही, तर एकदम चारी सूर दाबून वाजवायला लावले, म्हणजे हाताला पुढची जागा आधीच कळते. मग झोका देऊन, लांब-आखूड, लांब-आखूड. मग उलटं, आखूड-लांब. मग फक्त एका गटापासून पुढच्या गटाच्या पहिल्या सुरापर्यंत आणि थांबा. कारण गडबड गटाच्या आत होत नाही, सांध्यावर होते, जिथे अंगठा खालून निघतो. लोकलसारखंच आहे हे. गाडी धावताना कुणी पडत नाही, चढता-उतरताना पडतात.

आणि सगळ्यांत अवघड काय, तर हे सगळं हळू आवाजात. लोकांना वाटतं ही मूव्हमेंट म्हणजे आदळआपट. पण छापील पानावर सुरुवातीला 'पियानो' म्हणजे 'मृदू' असं लिहिलंय. जोर फक्त वर पोचल्यावरच्या तडाख्याला, पेडलही तिथेच. म्हणजे सेकंदाला दहा सूर, तेही कुजबुजत, आणि मग एकदम स्फोट, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा कुजबुज. ऑफिसात राग गिळून 'नोटेड, थँक्स' असा ई-मेल लिहायची सवय असलेल्यांना हे जमायला हरकत नाही, असं मी मिसना म्हटलं. त्यांना विनोद कळला नाही.

घरी माझा डिजिटल पियानो आहे, 88 वजनदार पट्ट्यांचा, हेडफोन लावून वाजवायचा. सकाळी पावणेसहा ते साडेसहा ही माझी वेळ. त्यानंतर डबा, आंघोळ आणि धावपळ. हेडफोनमुळे शेजाऱ्यांना त्रास नाही असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण सूर जरी माझ्या कानात असले, तरी पट्ट्यांची ठकठक खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतात असते. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, "रोज पहाटे काय कुटता हो तुम्ही?" आता पियानोखाली जाड रबरी मॅट आहे, आणि दिवाळीला काकांकडे फराळाचा डबा जरा मोठा जातो.

राहिलेला सराव लोकलमध्ये. ठाण्याहून स्लो, करी रोडला उतरायचं. बसायला मिळालं तर मांडीवरच्या पर्सवर बोटं चालू असतात. लेडीज डब्यातल्या माझ्या ग्रुपला आता सवय झालीय. नवीन बायका मात्र जरा सरकून बसतात.

आणि हो, सवय ती सवय. मी या सगळ्याची एक्सेल शीट ठेवलीय. तारीख, बार नंबर, वेग. सहाव्या महिन्यात 84. दहाव्यात 104. मग 112... आणि मग पुढचे पाच महिने तोच आकडा. 112, 112, 112. रोज पहाटे उठायचं आणि तिथेच. आपल्या करिअरमध्ये असलं वर्ष आलं की आपण नोकरी बदलतो. इथे बदलणार काय?

हाताची एक्सपायरी डेट

त्याच सुमाराला उजव्या मनगटात दुखायला लागलं. अंगठ्याच्या बाजूला, आधी दाराचं हँडल फिरवताना, मग चहाचा कप उचलताना. डॉक्टरांनी सांगितलं, टेंडनच्या आवरणाला सूज आहे. पियानोनं झालं का विचारलं, तर म्हणाले, पियानो, माउस आणि मोबाइल, तिघांची भागीदारी आहे, टक्के मला काढता येणार नाहीत. सहा आठवडे पट्टा, उजव्या हाताला सुट्टी.

मी घाबरले. का खोटं बोला! याच हातावर पगार आहे, घराचा हप्ता आहे. एका बाजूला कामाची बोटं आणि दुसऱ्या बाजूला हौस, असा सरळ सामना असेल तर हौस हरते, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं आहे. रॉबर्ट शुमान नावाचा मोठा संगीतकार, त्याचाही तरुणपणी उजवा हात बिघडला आणि पियानोवादक व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. तो निदान पुढे कंपोझर झाला. मी काय होणार, टीम लीडर?

घरचे म्हणाले, सोड आता. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, कुणी परीक्षा घेणार आहे का तुझी? खरंच, कुणीच घेणार नव्हतं. सर्टिफिकेट नाही, पैसे नाहीत, लाइक्सही नाहीत.

तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आईची पेटी होती. आई लग्नाआधी पेटी फार छान वाजवायची, सातारला गावातल्या गाण्याच्या कार्यक्रमांत साथीला बसायची. लग्न होऊन डोंबिवलीला आली, शाळेत नोकरी, सासू-सासरे, आम्ही दोघं भावंडं. पेटी माळ्यावर गेली. 'रिटायर झाल्यावर वाजवीन' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. 58 व्या वर्षी आई रिटायर झाली. पेटी खाली काढली, दुरुस्त करून आणली, नवीन कव्हर शिवलं. पण तोपर्यंत बोटांच्या सांध्यांत संधिवात शिरला होता. दहा मिनिटं वाजवलं की बोटं सुजायची. कव्हर घातलेली पेटी आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी असते. आई त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवते. तक्रार कधी केली नाही तिनं. पण औषधाच्या पाकिटावर असते तशी हाताला एक्सपायरी डेट असते, आणि ती आपल्याला छापून मिळत नाही, हे मी तिथे पाहिलं.

मिसना फोन केला. सहा आठवडे क्लास बंद ठेवू का विचारलं. पलीकडून आवाज आला, "उजवा आजारी आहे ना? डावा काय करतो? त्याला घेऊन ये."

मग सहा आठवडे एकट्या डाव्या हाताचा क्लास. जो जन्मभर भाता मारत आला होता, तो. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये दुसरं सूत्र येतं तेव्हा वरची तान उजव्याकडे आणि खाली डावा हात अखंड सोळांशांची वीण घालत असतो. उजवा असताना त्या विणीकडे माझं लक्षच जात नव्हतं, लोक वरची तानच ऐकतात. आता फक्त वीणच होती. ती 60 पासून पुन्हा बांधली. मनगट सैल, हात कोपरापासून किल्ली फिरवल्यासारखा किंचित डोलता, बोटांनी उचलायचं कमी. आणि घरी उजव्याचं काम नुसतं पान समोर ठेवून डोक्यात ऐकायचं. हे पुस्तक मी धोबीतलावच्या फुर्ताडोजमधून घेतलं होतं, 1865 पासून ते दुकान मुंबईत सूर विकतंय. त्यातली तिसरीची पानं मी तेवढ्या दिवसांत कादंबरीसारखी वाचून काढली.

पट्टा निघाल्यावर फिजिओथेरपिस्टनं तीन गोष्टी बजावल्या. वीस मिनिटांनी थांबायचं. खुर्ची वर घ्यायची. माउस डाव्या हाताला द्यायचा. ऑफिसात महिनाभर सगळ्यांनी चेष्टा केली, आता आमच्या डिपार्टमेंटला तिघांचे माउस डावीकडे आहेत. वीस मिनिटांच्या नियमानं तर सरावच बदलला. 45 मिनिटं गुमान घासण्याऐवजी वीस मिनिटांत नेमके चार बार, मग ब्रेक, मग दुसरे चार. दोन महिन्यांनी शीटमध्ये पहिल्यांदा 116 लिहिलं. मग 120. मग 126.

वीस खुर्च्यांचा हॉल

दरवर्षी डिसेंबरात एका रविवारी मिस आपल्या विद्यार्थ्यांची बैठक भरवतात. त्यांच्याच दिवाणखान्यात, वीस खुर्च्या, सँडविच आणि रास्पबेरी. वाजवणारे सगळे नऊ ते सोळा वयाचे. ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यात घालणारी मी एकटी. नंबर वयानं लागतात, त्यामुळे मी शेवटी. माझ्या आधी चौदा वर्षांच्या एका मुलानं शोपॅनचा वॉल्ट्झ असा वाजवला, की मला सरळ खाली जाऊन टॅक्सी पकडावीशी वाटली.

आई आली होती. डोंबिवलीहून दादर, हातात मफलर, कारण मिसच्या घरात पंखे जोरात असतात असं मी सांगितलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

तिन्ही मूव्हमेंट वाजवल्या. तिसरी 126 वर. रेकॉर्डवरच्या वेगाच्या जवळपासही नाही, पण प्रत्येक सूर जागेवर. शेवटाकडे एक जागा आहे, जिथे सगळं वादळ एकदम थांबतं. दोन बार अगदी संथ, खाली खर्जात. मग शेवटची धाव. दोन वर्षं ती जागा मी रबरी मॅटवर, हेडफोनमध्ये वाजवली होती. तिथे ती खऱ्या पियानोवर, खऱ्या माणसांसमोर आली. त्या दोन बारमध्ये खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. शोपॅनवाला मुलगा सँडविच चावायचा थांबला होता, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

मिस एवढंच म्हणाल्या, "हं. आता शिकायला सुरुवात करू."

परतताना प्लॅटफॉर्मवर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डाव्या हातानं एवढं वाजवतात होय?" थोड्या वेळानं पुन्हा, "शेवटचं ते फार जोरात होतं बाई. पण मधलं छोटं होतं ना, ते मला आवडलं. ते पेटीवर येईल का गं?"

सगळे ज्या मूव्हमेंटला ओलांडून पुढे जातात ती, दुसरी. काळी एक, सगळे स्वर शुद्ध, वेग बेताचा. मी तिला उजव्या हाताचं सरगममध्ये लिहून दिलं. मोगऱ्याची कुंडी आता खिडकीत आहे. आई रोज दहा मिनिटं वाजवते, कधी सात. बोटं दुखली की थांबते. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करून एकेक ओळ ऐकवते आणि मी मिसच्या आवाजात सांगते, आई, स्लो.

तुमच्यापैकी कुणाला असलं काही करायचं असेल, मग तो सोनाटा असो, नाहीतर कथक किंवा संस्कृत, तर अडीच वर्षांच्या शीटमधून तीन ओळी देते. रोज वेळ थोडा असू दे, पण ठरलेला असू दे. दुखलं तर त्याच दिवशी थांबा, पुढच्या आठवड्यात नको. आणि शिकवणारा असा निवडा, जो तुमच्या वयाकडे न बघता तुम्हाला 'पुन्हा' म्हणेल.

माझं म्हणाल, तर शीटमधला ताजा आकडा आहे 138. सेकंदाला नऊ सूर आणि वर थोडं. 160 कधी होईल ठाऊक नाही. मिस म्हणतात 144 वर गेलीस की वेगाबद्दल बोलणंच बंद करू आणि संगीताबद्दल बोलू. या शनिवारी शेवटचं पान पुन्हा उघडायचंय, त्या दोन संथ बारनंतरचं. पावसाळा सुरू झालाय, बल्ब लागलेला असेल.